आकड्यात न मावणारा खर्ज
विसर्जन मिरवणुकीत नाशिक ढोलाचा ठोका छातीत जाणवतो, तावदाने थरथरतात. तरी त्याचा पूर्ण जोर ध्वनिमापकाच्या आकड्यात येत नाही. असे का? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ‘ए’ श्रेणीतली आहे. कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ही श्रेणी ६३ हर्ट्‌झचा ९० डेसिबल आवाज सुमारे ६४ एवढाच दाखवते. ताशाचा कडकडाट मात्र ती जवळजवळ पुरता मोजते. भिंती ओलांडून घरात शिरतो तो खर्जच! व्हिडिओ गेमचा आवाज घडवणारे खर्ज, मध्य, तार असे पट्टे वेगवेगळे तपासतात. मिरवणुकीचा आवाजही तसा मोजला, तर झोपमोड झालेल्या आजोबांची तक्रार आकड्यांतही दिसेल.