पाण्याआधी जळण
चंद्रपूर-गडचिरोलीच्या आगी आणि अग्निशास्त्राचं शिक्षण

बंबाच्या टाकीत ४,५०० लिटर पाणी आहे आणि पंप मिनिटाला २,२५० लिटर फेकतो. पूर्ण दाबाने मारा केला तर पाणी किती वेळ पुरेल? फायर इंजिनीअरिंगच्या वर्गात शोभेल असा हा सोपा प्रश्न. उत्तर, दोन मिनिटं. शहरात हे उत्तर कोणाला घाबरवत नाही. जवळपास हायड्रंट असतो, मागून टँकर येतात. सिरोंच्याच्या जंगलात मात्र ही दोन मिनिटं संपली की पुढचं पाणी कुठून आणायचं, याचं उत्तर कोणत्याच सूत्रात सापडत नाही. म्हणून या दोन जिल्ह्यांत अग्निशास्त्र शिकवायचं, तर धडा पहिला पाण्याचा नको, जळणाचा हवा.

या विद्येचं माहेरघर आपल्यापासून लांब नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि १९५७ मध्ये नागपूरला आलं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या या संस्थेत सब-ऑफिसरपासून वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत प्रशिक्षण होतं आणि फायर इंजिनीअरिंगची पदवीही मिळते. ज्वलनाचं रसायन, पाण्याचा दाब आणि नळीतली घट, पंप, इमारतींची रचना, वीज, उद्योगांतले धोके, बचावकार्य आणि मैदानावरची कवायत असा हा भरगच्च अभ्यास. राष्ट्रीय इमारत संहितेचा २०१६ चा चौथा भाग म्हणजे या विद्यार्थ्यांची पोथीच. शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींना तेलशुद्धीकरण कारखाने, विमानतळ आणि महापालिका बोलावतात. त्यामुळे शिक्षणाचा कल इमारत आणि कारखान्याकडे असणं स्वाभाविक आहे.

१९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. वन विभागाचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, म्हणजे हा दिवस त्याच्या जवळपास मध्यावर येतो. शहरांत कवायती चालू असतात तेव्हा आलापल्ली, भामरागड, ताडोबाकडचे वनरक्षक आणि हंगामी मजूर फांद्यांचे झाडू घेऊन पाचोळ्याची आग झोडपत असतात. एकाच शत्रूशी लढणाऱ्या या दोन फौजा, पण त्यांची पाठ्यपुस्तकं वेगळी.

कोळशाची धग

चंद्रपूरकडच्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशाला पेटायला काडी लागत नाही. कोळशाचा पृष्ठभाग हवेतला ऑक्सिजन ओढतो, त्यातून उष्णता तयार होते, आणि ती बाहेर पडायला वाव नसेल तर ढीग आतून तापत जातो. धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खाण अभियांत्रिकीत म्हणूनच ग्रॅहम गुणोत्तर शिकवतात: हवेतून किती ऑक्सिजन कमी झाला आणि त्या मानाने किती कार्बन मोनॉक्साइड तयार झाला, याचा हा हिशोब. आकडा चढू लागला की आत काहीतरी शिजतंय, हे डोळ्यांनी दिसण्याआधी कळतं.

इथे पाणी उपायाऐवजी अपायही करू शकतं. खूप तापलेल्या कोळशावर पाणी पडलं तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन्ही ज्वलनशील वायू तयार होतात. खरा इलाज आधीचा असतो: ढीग थराथराने दाबून रचायचा, आत हवा खेळू द्यायची नाही, जुना कोळसा आधी उचलायचा, बंद पडलेला भाग नीट सील करायचा. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे कोळशाचे डोंगर साठवावे लागतात, तिथे आग रोखणं म्हणजे जळणाची व्यवस्था लावणं.

पाचोळ्याचा हिशोब

जंगलातही तेच. इथलं रान पानझडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची ताटाएवढी पानं गळतात आणि जमिनीवर वाळून कुरकुरीत होतात. आग बहुधा या पाचोळ्यातूनच धावते, शेंड्यांवरून क्वचित. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला नवी कोवळी पानं फुटावीत म्हणून आग लावली जाते. आणि वारा सुटला की ती हाताबाहेर जाते.

सावध करायला आज उपग्रह आहेत. भारतीय वन सर्वेक्षणाचा इशारा थेट मोबाइलवर येतो. पण ज्या संवेदकावरून तो येतो, त्याचा एक ठिपका ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरचा. त्या १४ हेक्टरांत आग नेमकी कुठे, वारा कुठला, मध्ये नाला कुठे, हे बीटवर फिरणाऱ्या माणसालाच ठाऊक. तो हंगामापूर्वी जाळरेषा जाळून ठेवतो, ब्लोअरने पाचोळा बाजूला सारतो आणि गरज पडली तर समोरून प्रतिआग लावतो. हाताशी पाणी नसताना पुढचं जळणच संपवायचं, हे त्याचं शास्त्र. वन अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी चंद्रपुरात वन अकादमी आहे. अग्निशमनाच्या पदवीच्या विद्यार्थ्याने तिथे एक वणव्याचा हंगाम काढायला हरकत नाही.

दुसरी शाळा ग्रामसभेची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तोही १,८०० हेक्टरांच्या घरात. जंगलातला बांबू आणि तेंदू जेव्हा गावाचं उत्पन्न होतो, तेव्हा आग लावणं म्हणजे स्वतःच्याच तिजोरीला काडी लावणं ठरतं. तेंदूची झुडपं जाळण्याऐवजी छाटली, मोहाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली, की काडीची गरज उरत नाही. अग्निप्रतिबंधाच्या पुस्तकात मालकीहक्काचं प्रकरण नसतं. गडचिरोलीत ते असायला हवं.

छपराखालची आग

शहरांतला धोका वेगळा दिसतो, पण तर्क तोच. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात लागलेल्या आगीत दहा बाळं गेली. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावं लागतं. तपासणारे हात कागदापुढे जायचे, तर वायरवरचा भार, फोमच्या गाद्या, प्लायवूडची विभाजनं यांच्याकडे जळण म्हणून बघायची सवय लागायला हवी. ती वर्गातच लागते.

जोडणी

या तिन्ही आगी एकत्र शिकवायला नवं महाविद्यालय उघडायची गरज नाही. नागपुरात अग्निशास्त्र आहे, चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात खाण अभियांत्रिकी शिकवतात, वन अकादमी आहे, २०११ मध्ये स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पांना आणि कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळतात. पाचोळ्यातली आर्द्रता आठवड्याला मोजून आगीच्या नोंदींशी ताडणं, कोळशाच्या ढिगाचं आतलं तापमान टिपणं, तालुक्याच्या रुग्णालयाचा विद्युतभार तपासणं: एका सत्रात होणारी ही कामं आहेत, आणि जिल्ह्याला त्यांचा उपयोग आहे.

पण नुसते श्रेयांक पुरणार नाहीत. शिकलेला मुलगा रिफायनरीत किंवा आखातात जातो, कारण तिथे त्याच्या नावाची खुर्ची असते. गडचिरोलीचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे आणि चंद्रपूर कोळशावर उभं आहे. इथल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापनात वणवा, कोळसा आणि इमारत या तिन्ही आगी ओळखणारा एक पूर्णवेळ अभियंता असणं ही चैन नाही. आधी ते पद मंजूर करावं. अभ्यासक्रम मग त्या पदाच्या गरजेप्रमाणे आखता येईल, आणि तो शिकायला इथलीच मुलं पुढे येतील.