बटण बंद, तरी टीव्ही जळाला!

मुलांनो, मृगाच्या आगेमागे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ढग असे गडगडतात, की काळजात धस्स होतं! अशाच एका संध्याकाळी आमचा टीव्ही जळाला. बटण तर बंद होतं! मग असं कसं झालं?

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. जवळपास वीज कोसळली, की तारांमधून हजारो व्होल्टचा लोंढा घुसतो, तोही डोळ्यांची पापणी लवायच्या आत. बटणातली चिमुकली फट तो सहज ओलांडतो. शिवाय केबलची तार असतेच की! स्टॅबिलायझर दाबाचे रोजचे चढ-उतार सावरतो. या चपळ लोंढ्यापुढे त्याचं काही चालत नाही.

सर्ज प्रोटेक्टरमध्ये झिंक ऑक्साइडची चकती असते. एरवी ती विजेला अडवते. दाब फार वाढला, की मात्र लोंढ्याला जमिनीकडे वाट करून देते. पण त्यासाठी घराचं अर्थिंग धड हवं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात बाबांना बादलीभर पाणी ओतायला सांगा. आणि वीज अगदी घरावरच पडली, तर ही चकतीही पुरी पडत नाही, बरं का!

आम्ही आता आभाळ भरून आलं, की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवतो. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्यांना हात लावायचा नाही. टीव्ही जळाला तर जळू द्या!