अदम्य : एका शब्दाचे मूळ

नवा पाडा जोताला लावताना आपण सर्वांनीच पाहिला आहे. त्याला जाणत्या बैलाशेजारी जुंपतात, मानेवर जू ठेवतात आणि एकजण दोरी धरून पुढे चालतो. बहुतेक पाडे थोड्या दिवसांत वळणावर येतात. एखादा मात्र भर कोपऱ्यात बसकण मारतो. काही केल्या उठत नाही. मग घरधनी कंटाळून म्हणतो, "ह्यो पाडो जोताक लागाचो नाय." आज ज्या इंग्रजी शब्दाविषयी सांगायचे आहे, त्याचे मूळ नेमके याच ठिकाणी आहे.

तो शब्द म्हणजे 'इंडॉमिटेबल'. मुले त्याचा अर्थ पाठ करतात : 'कधीही न हरणारा'. हा अर्थ जवळचा आहे, पण नेमका नव्हे.

लॅटिन भाषेत 'डोमारे' असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ जनावर वठणीवर आणणे, माणसाळवणे. त्याला आधी नकाराचा 'इन्' आणि शेवटी शक्यता दाखविणारा 'एबल' लागून सतराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द रूढ झाला. इंग्रजी 'टेम', म्हणजे माणसाळलेला, हाही त्याच कुळातला.

आता आपल्या घरात पाहू. संस्कृतात 'दम्' धातू आहे. त्यावरून दमन, त्यावरून 'दम्य'. जुंपण्याच्या वयाला आलेल्या खोंडाला अमरकोशात 'दम्य' हेच नाव आहे. जो दम्य नाही तो 'अदम्य'. म्हणजे अ आणि इन्, दम् आणि डोम, हे सख्खे भाऊच झाले! हा योगायोग नव्हे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात मांडले होते. आपले 'जू' आणि इंग्रजांचे 'योक' हेही असेच एका मुळाचे.

मग न हरणाऱ्याला काय म्हणायचे? त्याला 'इन्व्हिन्सिबल', आपल्या भाषेत अजिंक्य. अजिंक्य तो, ज्याला हरविता येत नाही. अदम्य तो, जो हरला तरी जुवाला सरावत नाही. फरक मोठा आहे.

त्याचा दाखला मालवणच्या किनाऱ्यावरच उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. सात महिने होतात न होतात तोच, जून १६६५ मध्ये, पुरंदरचा तह करावा लागला. शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, अवघे १२ उरले. पुढे १६६६ साली आग्र्यास नजरकैद झाली. लौकिक हिशेबाने ही हारच, आणि जूही मानेवर आलेच. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले. १६६७ साली सिंधुदुर्ग बांधून पुरा झाला आणि १६७० पासून गेलेले किल्ले एकामागून एक परत येऊ लागले. त्या तीन वर्षांना अजिंक्य म्हणता येणार नाही. अदम्य मात्र म्हणावेच लागेल.

गुरुजनहो, म्हणून वर्गात हा शब्द शिकविताना 'कधीही न हरणारा' एवढ्यावर थांबू नका. शेवटच्या बाकावर परीक्षेत नापास झालेला एखादा मुलगा बसलेला असतो. तो अर्थ ऐकून त्याला वाटेल, हा शब्द काही आपल्यासाठी नाही. त्याला पाड्याची गोष्ट सांगा, आणि तहानंतरच्या सिंधुदुर्गाची सांगा. हार ही एका दिवसाची असते. तिची मानेला सवय होऊ द्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.