खाण बंद झाली, आता गावाचं काय?

मागच्या महिन्यात एका प्रेक्षकांनी मला मेसेज पाठवला. "ताई, उत्तर ध्रुवाजवळ एक गाव आहे, तिथे मरायला कायद्याने बंदी आहे म्हणतात. खरं का?" हा मेसेज तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. आजचा भाग त्याच गावाबद्दल.

आधी उत्तर देते. असा कायदा नाही. पण ही अफवा जिथून निघाली ती गोष्ट खरी आहे आणि ती जास्त विचार करायला लावणारी आहे.

हे गाव म्हणजे लाँगयिअरब्येन. नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे, तिथे. उत्तर ध्रुव इथून साधारण 1,300 किलोमीटर. इथली जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. फक्त वरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. या हालचालीत पुरलेल्या वस्तू हळूहळू वर ढकलल्या जातात, शवपेट्यासुद्धा. म्हणून साधारण 1950 पासून इथे शवपेटी पुरणं थांबलं. अस्थिकलश पुरता येतो. शिवाय इथे वृद्धांची देखभाल करणारी सोय नाही. बाळंतपणासाठीही बायका काही आठवडे आधी नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जातात.

म्हणजे गावात जन्मही नाही आणि म्हातारपणही नाही. असं का? कारण हे गाव राहण्यासाठी वसवलंच नव्हतं. ते कामासाठी वसवलं होतं.

कंपनीचं गाव

जॉन मन्रो लाँगयिअर हा अमेरिकन उद्योजक 1901 मध्ये इथे पर्यटक म्हणून आला. डोंगरात कोळसा दिसला आणि 1906 मध्ये त्याच्या कंपनीने खाण सुरू केली. गावाला त्याचंच नाव मिळालं. 1916 मध्ये खाणी नॉर्वेच्या 'स्टोअर नॉर्स्के' या कंपनीकडे गेल्या. आता बर्फाच्या देशात कोळसा कसा, असं तुम्ही विचाराल. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, दमट हवा होती आणि दाट जंगल होतं. त्याचाच हा कोळसा.

काम कसं होतं ते ऐका. खाणींची तोंडं दरीत नाहीत, उंच डोंगरउतारावर आहेत. काही ठिकाणी कोळशाचा थर मीटरभरही जाड नाही. उभं राहायला जागाच नाही. कामगार कुशीवर पडून, सरपटत कोळसा काढायचे. आत तापमान बारा महिने शून्याच्या खाली. काढलेला कोळसा रोपवेच्या बादल्यांतून खाली बंदरावर जायचा. त्या रोपवेचे लाकडी खांब आजही उभे आहेत आणि ते संरक्षित वारसा आहेत.

बाहेर ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य मावळतो, तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येतच नाही. नंतरही डोंगर आड येतात. गावात पहिलं ऊन पोचतं ते मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर. दरवर्षी 8 मार्चच्या सुमारास सगळं गाव, लहान मुलांसकट, जुन्या दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी जमून त्या उन्हाची वाट बघतं. दवाखाना कधीच गेला, पायऱ्या मात्र जपून ठेवल्या आहेत.

विमानतळ झाला 1975 मध्ये. त्याआधी समुद्र गोठायच्या सुमारास शेवटचं जहाज गेलं, की बर्फ फुटेपर्यंत सुटका नाही. घर कंपनीचं, खानावळ कंपनीची, दुकान कंपनीचं. कित्येक वर्षं चलनी नोटासुद्धा कंपनीच्याच होत्या. नोकरी संपली की घर सोडायचं आणि परत जायचं. काही सवयी अजून टिकून आहेत. संग्रहालयात किंवा हॉटेलात गेलात तर दारातच बूट काढावे लागतात, कारण पूर्वी बुटांबरोबर कोळशाची भुकटी आत यायची. आपल्याला यात काही नवल वाटणार नाही, पण तिथे येणाऱ्या युरोपीय पाहुण्यांना वाटतं!

चार गावं, चार शेवट

आता खरा प्रश्न. कामासाठी वसवलेल्या गावाचं काम संपल्यावर काय होतं? स्वालबार्डमध्ये याची चार वेगवेगळी उत्तरं सापडतात.

पहिलं गाव पिरॅमिडेन. 1920 च्या करारानुसार स्वालबार्डवर सार्वभौमत्व नॉर्वेचं, पण करारात असलेल्या सगळ्या देशांच्या नागरिकांना तिथे उद्योग करण्याचा समान हक्क. म्हणून सोव्हिएत संघाच्याही खाणी तिथे होत्या. पिरॅमिडेनमध्ये पोहण्याचा तलाव, वाचनालय, पियानो, भाज्यांसाठी काचघर, सगळं होतं. एके काळी हजारावर माणसं राहायची. सोव्हिएत संघ कोसळला, पैसा आटला. त्यात 1996 मध्ये रशियन खाणकामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांना घेऊन येणारं विमान लाँगयिअरब्येनजवळ डोंगरावर आदळलं आणि आतले सगळे, 141 जण, गेले. 1998 मध्ये खाण बंद झाली, माणसं निघून गेली. इमारती अजून उभ्या आहेत. चौकात लेनिनचा पुतळा समोरच्या हिमनदीकडे बघत उभा आहे.

दुसरं गाव स्वेआ. तिथली खाण बंद करायचं ठरलं, तेव्हा नॉर्वेने गावच उचललं. घरं, रस्ते, धावपट्टी, सगळं काढून जमीन शक्य तितकी पूर्ववत केली.

तिसरं गाव नी-ऑलेसुंड. 5 नोव्हेंबर 1962 रोजी तिथल्या खाणीत स्फोट झाला आणि 21 कामगार गेले. खाण सरकारी मालकीची होती. सुरक्षेकडे दुर्लक्ष झालं, यावरून संसदेत वादळ उठलं आणि 1963 मध्ये पंतप्रधान एइनार गेरहार्डसन यांचं सरकार अविश्वास ठरावावर पडलं. इतक्या दूरच्या, थंडीत काम करणाऱ्या मूठभर माणसांच्या मृत्यूचा जाब राजधानीत द्यावा लागला. खाण बंद झाली आणि ते गाव संशोधकांचं झालं. आपलं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र 2008 पासून तिथेच आहे. ते चालवणारी संस्था गोव्यात, वास्कोला आहे.

चौथं गाव आपलं लाँगयिअरब्येन. इथली शेवटची नॉर्वेजियन खाण, सात नंबरची, जून 2025 च्या अखेरीस बंद झाली. पण गाव संपलं नाही, कारण त्याची तयारी आधीपासून चालू होती. 1993 मध्ये विद्यापीठ केंद्र आलं, 2002 मध्ये लोकांनी निवडलेली स्थानिक परिषद आली, पर्यटन वाढलं. आज सुमारे अडीच हजार माणसं राहतात. त्यांत थायलंड आणि फिलिपिन्समधून आलेलीही बरीच आहेत. तरी सगळं गोड नाही. घर अजूनही बहुतेकांना नोकरीबरोबर मिळतं आणि नोकरीबरोबर जातं. हवामान वेगाने तापतंय. डिसेंबर 2015 मध्ये डोंगरावरून हिमलोट घरांवर आला आणि दोन जीव गेले.

या चारही गावांतला कोळसा कधीतरी परवडेनासा होणार, हे ठरलेलंच होतं. फरक पडला तो एका गोष्टीने. कोळसा असतानाच कुणी "यानंतर काय?" असं विचारलं होतं का? जिथे विचारलं, तिथे माणसं राहिली. जिथे नाही, तिथे नुसत्या भिंती उरल्या.

जाता जाता एक. लाँगयिअरब्येनच्या एका बंद खाणीत 1984 पासून नॉर्डिक देशांनी पिकांचं बियाणं जपायला सुरुवात केली, कारण आत कायमची थंडी. त्याच कल्पनेतून 2008 मध्ये जवळच डोंगर खोदून जागतिक बियाणे कोठार झालं. मी राहते हैदराबादला. इथून जवळच पाटणचेरूला 'इक्रिसॅट' ही संस्था आहे. तिने ज्वारी, बाजरी, तूर, हरभऱ्याचे वाण त्या कोठारात ठेवले आहेत. तेव्हा पुढच्या वेळी तो "मरायला बंदी" वाला मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच सांगा, की त्याच गावाच्या डोंगरात आपल्या भाकरीचं बियाणं जिवंत ठेवलंय.

भेटूया पुढच्या भागात.