कानाने शिकायचं फिडल

या शिबिरात छापील स्वरलिपी चालत नाही. तंबू, विजेरी, राळेची वडी, जादा तारा हे सगळं न्यायचं. कागद ठेवायचा स्टँड मात्र घरीच राहू द्यायचा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डोंगरात रेडवूडच्या झाडांखालून सॅन लोरेन्झो नदी वाहते. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या काठी मुक्काम टाकायचा आणि रविवार दुपारपर्यंत स्कॉटिश धुना निव्वळ ऐकून शिकायच्या, असा हा ओळखीपाळखीतल्या लोकांनी जमवलेला बेत. बे एरियातल्या एका मराठी दिवाळी अंकाच्या संपादिकेने ‘आपल्या आसपासची गुरुकुलं’ या विषयावर लेख मागितला, तेव्हा मला पहिल्यांदा हीच जागा आठवली.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, तारा चारच. फरक आहे तो वाजवण्यात. पं. डी. के. दातारांचं गायकी अंगाचं व्हायोलिन ऐकत वाढलेल्या कानाला इथे आधी चुकल्यासारखं होतं, कारण मींड जवळजवळ नाहीच. सगळी मदार उजव्या हातावर, म्हणजे गजावर. ही नाचाची धून आहे, नाचणाऱ्याचं पाऊल कधी उचललं जाणार हे गजाने सांगायचं असतं.

या वादनाचा इतिहास सांगताना नील गो या नावापासून सुरुवात होते. 1727 ते 1807 असं आयुष्य लाभलेला हा पर्थशायरचा वादक. टे नदीच्या काठी त्याच्या नावाचा ओकवृक्ष दाखवतात. त्याच्याखाली बसून तो वाजवत असे, अशी आख्यायिका आहे. टोकाकडून मुठीकडे गज ढकलताना त्याच्या हातात जो जोर येई, त्याची ख्याती अजून टिकून आहे. आणि हेही लक्षात ठेवायला हवं, की या माणसाने आपल्या धुनांचे संग्रह छापले. पहिला 1784 साली. कागद आणि कान यांचं भांडण वाटतं तितकं जुनं नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदत आले.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून परागंदा झालेल्या लोकांनी हे वादन कॅनडाच्या केप ब्रेटन बेटावर नेलं आणि नाचाशी त्याची गाठ तिथे घट्ट राहिली. 1971 मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने एक माहितीपट दाखवला, त्याचा रोख असा की बेटावरचे फिडलवादक आता नामशेष होत आहेत. लोकांना ते झोंबलं. 1973 मध्ये ग्लेनडेल गावी उत्सव भरला आणि शंभराहून अधिक वादक एकत्र आले. पुढे 1984 मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या अलास्डेअर फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियात ‘व्हॅली ऑफ द मून’ हे फिडलचं शिबिर सुरू केलं. आठवडाभर जंगलात राहायचं आणि कानाने शिकायचं, ही पद्धत या भागात रुजली ती त्यांच्यामुळे. नदीकाठचा हा छोटा बेत म्हणजे त्याच झाडाची एक फांदी. शिकवणाऱ्या बाईही त्याच परंपरेत तयार झालेल्या.

बाई सत्तरीकडे झुकलेल्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. शनिवारी सकाळी त्या लाकडी बाकावर बसतात आणि पूर्ण धून तीनदा वाजवतात. त्या वेळी कुणी वाद्याला हात लावायचा नाही. मग त्या गज खाली ठेवतात आणि तीच धून तोंडाने म्हणतात, निरर्थक अक्षरांत. गेलिक भाषिकांत तोंडाने नाचाची धून गाण्याची जुनी चाल आहेच. वाद्य नसलं तरी नाच अडत नसे. आपला तबलजी आधी बोल म्हणतो आणि मग वाजवतो, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग शिष्यांनी म्हणायचं. जे तोंडात आलं नाही ते बोटांत येणार नाही, असा बाईंचा ठाम आग्रह. मला तो शंभर टक्के पटतो. म्हणून झालं की डावी बोटं तारांवर, उजव्या हाताने नुसतं छेडायचं. गज सगळ्यांत शेवटी.

हे सगळं शक्य होतं, कारण धुनेची बांधणी तशी आहे. आठ मात्राखंडांचा एक भाग, तो दोनदा. मग तेवढाच दुसरा भाग, तोही दोनदा. एकूण बत्तीस खंड. रीलसारख्या वेगवान प्रकारात दोन्ही भागांचे मिळून सव्वाशेच्या आसपास स्वर होतात. ऐकून धडकी भरते. पण प्रत्येक भागाच्या आतही पुनरावृत्ती असते: पहिली ओळ बहुधा तिसऱ्या जागी पुन्हा येते. म्हणजे खरोखर नवे तुकडे पाच-सहाच. स्वरांचा साचाही ओळखीचा निघतो. कितीतरी धुना आपल्या काफी किंवा खमाज थाटाच्या स्वरांतच बसतात. बाईंनी शनिवारी घेतलेली धून काफीच्या स्वरांतली होती. माझा कान तिथे एकदम स्थिरावला. कोमल निषादावर टेकून पुन्हा षड्जावर यायची तिची तऱ्हा मी आठवडाभर गुणगुणत होतो.

मला खिळवून ठेवलं ते मात्र बाईंच्या एका हट्टाने. तुकडे सगळ्यांना येतात, अडतं ते दोन तुकड्यांच्या मध्ये. पहिल्याचा शेवटचा स्वर आणि दुसऱ्याचा पहिला, यांच्यामध्ये गज कुठल्या दिशेला आहे, यावर पुढची अख्खी ओळ अवलंबून असते. बाई याला नुसतं ‘जोड’ म्हणतात. त्या तुकडा फार वेळ घोटत नाहीत. शेवटचे तीन स्वर आणि पुढचे तीन, एवढे सहाच स्वर घेऊन वर्गाला वीस-वीस मिनिटं बसवतात. आधी कंटाळा येतो. मग कधीतरी हात आपोआप वळतो आणि पूर्ण धून एका दमात उभी राहते. स्ट्रॅथस्पे या प्रकारात तर हे आणखी अवघड, कारण तिथे ठोक्यावर आखूड स्वर पडतो आणि लांब स्वर त्याच्या मागून येतो. हा झटका कागदावर लिहिता येतो, पण किती आखूड आणि किती ठसक्यात ते लिहिता येत नाही. ते बाईंच्या मनगटाकडे बघत ऐकावं लागतं. त्यासाठीच हा खटाटोप आहे असं मला वाटतं, आणि तो सार्थ आहे.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. नदीकाठी रात्री दव पडतं. पेटीत ठेवलं तरी लाकूड ओल धरतं, खुंट्या घट्ट होतात, गजाचे केस सैल पडतात. मग उन्हं वर आली की उलटा प्रकार. सकाळचा पहिला तास जुळवण्यातच जातो. पेट्या जवळ घेऊन झोपणारी माणसं मी तिथे पाहिली.

त्याहून बिकट अवस्था होते ती शिकलेल्यांची. ज्यांनी दहा-पंधरा वर्षं पाश्चात्त्य अभिजात व्हायोलिन शिकलंय, वाद्यवृंदात वाजवलंय, त्यांचे डोळे कागद शोधतात. एक महिला, नोकरीने संगणक अभियंता, शनिवारी दुपारी रडकुंडीला आल्या. त्यांच्या शेजारी बसलेला, वाद्य जेमतेम धरता येणारा बारा वर्षांचा मुलगा मात्र धून पुढे नेत होता. आणि शनिवारी संध्याकाळी दुसरी धून सुरू झाली की सकाळची पुसली जाते, हा अनुभव जवळपास सगळ्यांचाच. रविवारी उठल्यावर ती परत येते, पण अर्धी. पहिले तीन स्वर कुणीतरी आठवून द्यावे लागतात.

फोनचा प्रश्न वेगळाच. सगळे ध्वनिमुद्रण करतात. बाईंची परवानगीही असते. पण मुद्रण आहे म्हटल्यावर कान ढिला पडतो, हे त्या स्पष्ट बोलतात. म्हणून फोन शेवटच्या दहा मिनिटांतच बाहेर काढायचा, असा नियम आहे.

शिवाय वणवा. ऑगस्ट 2020 मध्ये विजा कोसळून याच डोंगरांत आग लागली, सुमारे 86,000 एकर जंगल जळलं, बिग बेसिनचं जुनं राज्य उद्यान होरपळलं, काठावरची गावं रिकामी करावी लागली. तेव्हापासून उन्हाळ्याअखेरच्या तारखा ठरवताना मंडळी कचरतात. धुराच्या हवेत दिवसभर उघड्यावर बसवणं कुणाला परवडणार?

माझी सर्वांत मोठी काळजी मात्र वयाची आहे. तो बारा वर्षांचा मुलगा सोडला तर बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. आणि शिकवणाऱ्या एकट्या बाई. त्यांनाही ते कळतं. या वेळी रविवारची धून त्यांनी स्वतः घेतली नाही, दोन शिष्यांकडे सोपवली. त्यातल्या तरुणीने फार वेगात सुरुवात केली, तुकडे भराभर टाकत गेली आणि पंधरा मिनिटांत वर्ग विस्कटला. बाई मागच्या बाकावर बसून होत्या. त्यांनी फक्त एकदा हात वर केला आणि विचारलं, “तिसऱ्या ओळीत शिरताना तुझा गज कुठल्या दिशेला आहे?” तरुणीला सांगता येईना. तिने वाजवून पाहिलं, मग वेग निम्म्यावर आणला आणि तेवढाच जोड सगळ्यांकडून करवून घेतला. पुढच्या शिबिराची शनिवार सकाळ आता तिच्याकडे दिली आहे.