ठसा आणि टाका

कापडावरचा ठसा एकसारखा उमटावा म्हणून छिपा जिवाचे रान करतो. लाकडी ठोकळ्याच्या कोपऱ्यातली खूण गाठून दुसरा ठसा पहिल्याला असा भिडवतो, की सांधा शोधूनही सापडू नये. हाताच्या टाक्याचे नेमके उलट. हात कितीही बसलेला असो, दहावा टाका नवव्यासारखा पडत नाही. दुपारचा टाका सकाळच्यापेक्षा सैल पडतो, मन थाऱ्यावर नसेल तर ओळ तिरकी जाते. छापील कापड आणि हातशिलाई एकत्र आली, की या दोन स्वभावांची गाठ पडते. गेली काही वर्षे मी हे काम करते आहे, आणि देशोदेशीच्या गोधड्या पाहताना माझी नजर दर वेळी याच जागी जाऊन थांबते.

जिला आज ‘आर्ट क्विल्ट’ म्हणतात, ती पाहण्यासाठी केलेली गोधडी. तिला आपण कला-गोधडी म्हणू. वरचे कापड, मधले भरण, खालचे अस्तर आणि या तिघांना धरून ठेवणारा टाका, एवढेच तिचे शरीर. पण या साध्या शरीरात कापडाचा व्यापार, गुलामगिरी, दारिद्र्य आणि बायकांच्या कष्टांचा मोठा इतिहास शिवला गेला आहे.

चिटाचा प्रवास

‘चीट’ हा शब्द आता मागे पडला. चिटाचे परकर मात्र जुन्या पिढीला आठवत असतील. या शब्दाचाच सख्खा भाऊ ‘छींट’, आणि इंग्रजीतला ‘चिंट्झ’ त्याच्यापासूनच आला. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरून, मछलीपट्टणसारख्या बंदरांतून हे रंगवलेले सुती कापड युरोपात पोचले आणि तिथल्या लोकांना त्याचे वेड लागले. सुतावर धुण्याला टिकणारा झळझळीत रंग बसवण्याची विद्या तिथल्या कारागिरांकडे नव्हती. आपल्या रंगाऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. एकाच मुळीचा रंग तुरटी लावलेल्या जागी लाल आणि लोखंडाचे पाणी लावलेल्या जागी काळपट उमटतो, हे त्यांच्या रोजच्या कामातले ज्ञान होते.

आपले विणकर बुडतील म्हणून फ्रान्सने १६८६ मध्ये या कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापडाच्या वापरालाच आडकाठी केली. ती १७७४ मध्ये उठली. एवढे मोलाचे कापड कुणी वाया घालवत नाही. चिटावरची फुले, पक्षी, झाडे कडेने कापून घ्यायची, साध्या पांढऱ्या कापडावर मोकळी मांडायची आणि बारीक टाक्यांनी बसवायची, अशी एक रीत तिकडे रुजली. तिला ‘ब्रॉडरी पर्स’, म्हणजे इराणी भरतकाम असे नाव पडले. कापड मात्र पुष्कळदा आपल्याकडचे असे. छापील कापड कापून नवे चित्र रचण्याचा कला-गोधडीतला प्रयोग इतका जुना आहे.

विसाव्या शतकात गरिबाघरच्या गोधडीतही छापील कापड आले. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतल्या पिठाच्या आणि पशुखाद्याच्या गोण्या फुलाफुलांच्या छापाच्या येत. पीठ संपले की गोणीचा झगा व्हायचा आणि झगा विरला की त्याचे तुकडे गोधडीत जायचे.

शेतातून भिंतीवर

हॅरिएट पॉवर्स या बाईंचा जन्म १८३७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, गुलामगिरीत झाला. त्यांच्या दोनच गोधड्या आज शिल्लक असल्याचे ज्ञात आहे. त्यांतली बायबलच्या कथांची गोधडी १८८६ मध्ये जवळच्या अथेन्स गावातल्या कापूस-मेळ्यात मांडली होती. जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेला ती हवी होती, पण पॉवर्सबाई विकायला तयार नव्हत्या. पुढे दिवस फिरले आणि १८९१ मध्ये दहा डॉलर मागून पाच डॉलरला त्यांना ती द्यावी लागली. ती आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दुसरी बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे आणि तिच्यात १८३३ चा प्रसिद्ध उल्कावर्षावही दिसतो. माणसे, प्राणी, तारे या साऱ्या आकृत्या कापडातून कापून बसवलेल्या. बायबलची गोधडी हातची जाताना पॉवर्सबाईंनी प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून ठेवला. त्या टिपणामुळे आज त्या चौकटी आपल्याशी बोलतात.

अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेले जीज बेंड हे गाव. तीन बाजूंनी पाणी. गुलामांच्या वंशजांच्या या वस्तीत बायकांनी विरलेल्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. मतदानाच्या हक्कासाठी लोक उभे राहू लागले तेव्हा १९६२ मध्ये नदीवरची नावेची ने-आण बंद करण्यात आली. ती सुरू व्हायला २००६ साल उजाडले. त्याच वर्षी अमेरिकी टपाल खात्याने या गोधड्यांची तिकिटे काढली. मिझूरी पेट्‌वे यांनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. तिच्यातला फिका निळा रंग विजारींच्या निळ्याचा. गुडघ्यापाशी विरलेला भाग आणि उसवलेल्या खिशाखाली गडद राहिलेला भाग हीच अशा गोधड्यांची नक्षी. इथे छापाचे काम उन्हाने, घामाने आणि वापराने केले आहे.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हान डर हूफ यांनी जुन्या गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या पांढऱ्या भिंतींवर टांगल्या. लोकांनी गोधडीकडे चित्र म्हणून पाहिले, हे मोठेच काम झाले. पण १९७३ मध्ये कला-इतिहासकार पॅट्रिशिया मेनार्डी यांनी एका लेखात रास्त हरकत घेतली. गोधड्यांची तुलना पुरुष चित्रकारांशी झाली, शिवणाऱ्या बायका मात्र अनाम राहिल्या. मला ही हरकत फार महत्त्वाची वाटते. १९७९ मध्ये ओहायोतल्या अथेन्समध्ये गाईंच्या एका जुन्या गोठ्यात ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू झाले आणि कला-गोधडीला हक्काची जागा मिळाली.

चित्रकार फेथ रिंगोल्ड यांनी या कलेला शब्द दिले. त्यांची आई विली पोझी कपड्यांची रचनाकार. मायलेकींनी मिळून १९८० मध्ये पहिली गोधडी केली. १९८८ च्या ‘टार बीच’ या गोधडीत न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका गच्चीवर माणसे जेवायला जमली आहेत आणि एक लहान मुलगी आकाशात उडते आहे. मधले चित्र कॅनव्हासवर रंगवलेले, भोवती छापील कापडाच्या तुकड्यांची फुलाफुलांची किनार, वर आणि खाली हाताने लिहिलेली गोष्ट. त्या किनारीमुळे ती गच्ची घरातली वाटते. रंगाने एकट्याने हे साधले नसते.

आपल्याकडचा टाका

आपल्याकडे गोधडीचे नाते फार दूरवर जाते. भिक्षूंच्या चीवराची रचना मगधातल्या भातखाचरांसारखी, बांधाबांधांची करावी, असे बुद्धांनी आनंदाला सांगितल्याची कथा विनयपिटकात आहे. तुकडे जोडून केलेल्या वस्त्राला शेताचा नकाशा सुचावा, हे आपल्या मातीतले सुचणे आहे.

बंगालच्या कांथेत जुन्या साड्यांचे थर आणि काठांतून उसवून काढलेला दोरा. साध्या धावदोऱ्याने हत्ती, रथ, कमळे उमटतात. कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी या बाईंनी वडिलांसाठी शिवलेली कांथा आहे, आणि तिच्यात त्यांनी स्वतःचे नाव शिवले आहे. बिहारमध्ये मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावात १९८८ च्या सुमाराला सुजनीचे काम नव्याने उभे राहिले. तिथल्या बायका हुंडा, मुलींचे शिक्षण, दारू असे विषय शिवतात. आकृतीची कड साखळी टाक्याने आणि मोकळी जागा कापडाच्याच रंगाच्या धावदोऱ्याने भरायची. दुरून जागा रिकामी दिसते, जवळ जावे तर ती टाक्यांनी गच्च भरलेली असते.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या आणि तिथून रानात निसटलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांची गोधडी म्हणजे कवंद. खाली जुनी साडी पसरून कोपऱ्यापासून सुरुवात होते आणि ठिगळाची कड सुईने आत दुमडत, कडेकडेने फिरत टाका मध्यावर येऊन थांबतो. कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे तुकडे बसवतात, ती ‘फुले’. फुलांवाचून कवंद उघडे राहते, असे सिद्दी बायका मानतात. या कामात आधी आखणी नसते. पुढचे ठिगळ कोणते, हे हातातले ठिगळ ठरवते.

आणि आपली वाकळ. जुनेराचे थर, लुगड्याचा पोत, धोतराचे अस्तर आणि कडेपासून आत सरकत जाणाऱ्या चौकोनी ओळी. लुगड्याचा काठ कुठे ठेवायचा, लालशेजारी हिरवे चालेल का, हे ठरवणारी नजर कलावंताचीच होती. फक्त तिला तसे कुणी म्हटले नाही.

हाताखालचे प्रयोग

माझे स्वतःचे काम मुख्यतः कच्छच्या अजरख आणि राजस्थानातल्या बगरूच्या छापावर चालते. अजरखला हिरड्याच्या पाण्यापासून निळीच्या पिंपापर्यंत डझनाहून अधिक टप्प्यांतून जावे लागते. काळ्यासाठी गंजके लोखंड आणि गूळ आंबवतात. कच्छमधल्या २००१ च्या भूकंपानंतर पाण्याची अडचण झाली, तेव्हा धमडका गावच्या अनेक अजरख कारागिरांनी अजरखपूर हे नवे गाव वसवले. एवढा घाट घालून झालेल्या कापडावर टाका घालताना हात आपोआप सावध होतो.

आधी मी छापाच्या कडेने शिवत असे. पाकळीभोवती धावदोरा घातला की पाकळी उठून येते. पण दोन-तीन कामांनंतर लक्षात आले, की मी छिप्याचेच चित्र गिरवते आहे. मग छापाकडे न पाहता पाव इंचावर सरळ ओळी घातल्या. नक्षी त्या ओळींमागे गेली, पावसाच्या धारांतून समोरचे झाड दिसावे तशी. तिसऱ्या वेळी छापातले तारे कापून उलटसुलट मांडले, आणि ठशाची लय तुटली तिथेच टाका दाट केला. चौथा प्रयोग मला सर्वांत आवडतो. एका बाजूनेच छापलेले कापड उलटे लावायचे. मागच्या बाजूला रंग अर्धवट झिरपलेला असतो, कडा विरलेल्या असतात. त्या फिक्या छापावर गडद दोरा घातला, की टाक्याची रेघ पुढे येते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी अनुभवाच्या काही गोष्टी. प्रत्येक कापड आधी वेगळे धुवावे. मी एकदा निळीचे कापड न धुता पांढऱ्या मलमलीला जोडले आणि तीन महिन्यांच्या कामावर पहिल्याच धुण्यात निळसर छटा चढली. सुती कापड आटते, आणि दोन कापडे सारखी आटत नाहीत. सुरकुत्या तिथेच पडतात. तिन्ही थर मध्यापासून बाहेर कच्च्या टाक्यांनी धरावेत. गाठ हलका झटका देऊन वरच्या कापडाखाली ओढून घ्यावी. आखूड सुईने टाका बारीक पडतो, आणि मधल्या बोटाला अंगुस्तान हवेच. भरणासाठी जुनी मऊ साडी घेतली तर सुई लोण्यात शिरावी तशी शिरते. कृत्रिम धाग्याचे भरण फुगते, पण हाताला अडते.

आता फोटो, नकाशे, जुनी पत्रे कापडावर छापून मिळतात. हे नवे दार मोलाचे आहे. पण यंत्राने छापलेले चित्र आधीच पूर्ण असते, म्हणून तिथे टाक्याला काय सांगायचे आहे हे आधी ठरवावे लागते. सांगण्यासारखे काही नसेल तर टाका नुसती सजावट होतो.

अस्तराच्या कोपऱ्यात

११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर एड्सने गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ केलेली गोधडी पहिल्यांदा पसरली गेली. त्या दिवशी तिच्यात १,९२० पट्ट्या होत्या, प्रत्येक सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, साधारण कबरीएवढी. समाजाने ज्यांची नावे घ्यायचे टाळले, त्यांची नावे घरच्यांनी आणि मित्रांनी कापडावर शिवली होती. पॉवर्सबाईंच्या चौकटींचे टिपण, मानदासुंदरींची सही आणि ही हिरवळ एका ओळीत ठेवली, की आपल्या वाकळींत काय राहून गेले ते कळते. ठसा छिप्याच्या गावाने ओळखला जातो, बगरू, बाग, अजरखपूर असा. टाका मात्र बहुतेक वेळा बेनामी राहतो. हाताचा टाका सहीइतकाच ज्याचा त्याचा असतो, आणि तरीही तो कुणाचा हे सांगायला आपल्याकडे क्वचितच कुणी उरते.

दिवाळीच्या आवराआवरीत घरातली जुनी वाकळ उन्हात पडेल. ती शिवणारी असेल तर तिच्याजवळ बसून विचारा, हे लुगडे कुणाचे, हा छाप कुठल्या बाजारातला, किती दिवस लागले. ती नसेल तर जिला आठवते तिला विचारा. मग पांढऱ्या कापडाच्या बोटभर पट्टीवर तिचे नाव, गाव आणि साल उमटवून ती अस्तराच्या कोपऱ्यात शिवून टाका. त्यासाठी धावदोरा येत असला म्हणजे पुरे.