जमवणारा धाकटा, जिंकणारा थोरला

ईदच्या दुसऱ्या दिवशी चुलत-मावस भावंडे एका खोलीत जमली, की मोबाईलवरून एक भांडण हमखास होते. धाकटा आपले जमवलेले प्राणी हौसेने दाखवतो आणि थोरला एका वाक्यात निकाल लावतो, ‘‘ये किस काम का? निकाल दे इसकू!’’ धाकट्याचे डोळे भरून येतात. अम्मी दोघांचेही मोबाईल काढून घेते. भांडण मिटते, पण ते का झाले हे कोणीच विचारत नाही. उमरग्यात शिकवताना आमच्या कानावर अशी भांडणे नेहमी येतात. दोघे एकच खेळ खेळत आहेत असे आपण समजतो, पण खरे तर ते दोन वेगळे खेळ खेळत असतात.

हा खेळ म्हणजे पोकेमॉन. ‘पॉकेट मॉन्स्टर’, म्हणजे खिशात मावणारे अजब प्राणी, या शब्दांचे हे लहान रूप. लहानपणी किडे पकडण्याचा छंद असलेल्या सातोशी ताजिरी यांनी तो कल्पिला आणि १९९६ साली तो जपानमध्ये बाजारात आला. पहिल्या खेळात १५१ प्राणी होते आणि खेळाच्या दोन आवृत्त्या होत्या, लाल आणि हिरवी. काही प्राणी फक्त लाल आवृत्तीत मिळत, काही फक्त हिरव्या. म्हणजे एकट्याने संग्रह पुरा होऊच नये, मित्राकडे जावे, दोन यंत्रे वायरीने जोडावीत आणि अदलाबदल करावी, अशी मुद्दाम केलेली रचना. त्याच वायरीने दोघांना आपापले प्राणी लढवताही येत. जमवणे आणि जिंकणे ही दोन्ही बीजे पहिल्या दिवसापासून त्यात होती.

आपल्याकडे आधी टीव्हीवरची हिंदी मालिका आली. आज तिशीत असलेल्या अनेक अब्बूंना चिप्सच्या पुड्यातून निघणाऱ्या गोल चकत्या आठवत असतील. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये मोबाईलवरचा ‘पोकेमॉन गो’ भारतात अधिकृतपणे सुरू झाला. त्यात मूल प्रत्यक्ष रस्त्याने चालते आणि पडद्यावर प्राणी पकडते.

जमवणाऱ्याचा खेळ

धाकटा हिशेब करत नाही. प्राणी गोंडस आहे, रंग निराळा आहे, मामूकडे हैदराबादला गेलो तेव्हा सापडला, एवढे कारण त्याला पुरते. या खेळात वस्तू मिळण्याची ठाणी खऱ्या जागांवर, म्हणजे पुतळे, बागा, जुन्या इमारती अशा ठिकाणी असतात. मोठ्या शहरात ती दाट, तालुक्याच्या गावात विरळ. म्हणून आपल्याकडच्या मुलाचा संग्रह लहान असतो आणि त्यातल्या प्रत्येक प्राण्याला एक आठवण चिकटलेली असते. ‘निकाल दे’ म्हटल्यावर तो रडतो ते त्या आठवणीसाठी.

जिंकणाऱ्याचा खेळ

थोरला आकडे पाहतो. ‘पोकेमॉन गो’मध्ये प्रत्येक प्राण्याला हल्ला, बचाव आणि दम यांसाठी ० ते १५ असे छुपे गुण असतात. तिन्ही १५ असलेला प्राणी सर्वांत चांगला, असे कोणालाही वाटेल. पण ज्या गटात ताकदीची मर्यादा १५०० असते, तिथे बहुतेक वेळा हल्ल्याचे गुण कमी आणि बचाव व दम जास्त असलेला प्राणी सरस ठरतो. कारण ताकदीचा आकडा काढताना हल्ल्याला जास्त वजन असते. हल्ला कमी असला, की त्याच मर्यादेत बचाव आणि दम अधिक बसतात. हे ज्या मुलाने स्वतः शोधले, त्याने गणितच केले आहे.

त्यातच प्राण्यांचे १८ प्रकार. पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर. हल्ला करणारे १८ आणि झेलणारे १८ असा ३२४ घरांचा तक्ता होतो. सतराचा पाढा विसरणारी मुले हा तक्ता घडाघडा सांगतात, हे आम्ही वर्गात ऐकतो.

पण या हिशेबाची एक खोड आहे. जे जिंकवत नाही ते निरुपयोगी, अशी नजर तयार होते आणि मग ती धाकट्या भावाच्या आवडीवरही पडते. अशा थोरल्याला २०१४ ची गोष्ट जरूर सांगावी. त्या वर्षी अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे जागतिक स्पर्धा झाली. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क यांनी आपल्या संघात पाचिरिसू नावाची चिमुकली खार घेतली होती. मोठ्या स्पर्धेत तिला कोणी विचारत नसे. पार्क यांनी तिला लढायला नव्हे, तर शत्रूचे हल्ले स्वतःकडे ओढून जोडीदाराला वाचवायला उभे केले आणि ते जगज्जेते झाले. ज्याला सगळे कच्चा समजत होते, त्याचे खरे काम त्यांनी ओळखले. शिक्षक म्हणून आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

घरातल्या मोठ्यांनी काय पाहावे

दोन्ही खेळांना आपापले धोके आहेत. जमवण्याला शेवट नसतो. नवे प्राणी येतच राहतात आणि ‘आणखी एक’ म्हणता म्हणता मगरिबची अजान होऊन जाते. अंडी लवकर उबवण्याची साधने पैसे देऊन मिळतात आणि अंड्यातून काय निघेल ते आधी कळत नाही. २००१ साली सौदी अरेबियातील उलेमांनी पोकेमॉनविरुद्ध फतवा दिला, तेव्हा पत्त्यांच्या खेळातील जुगारासारखा व्यवहार हा एक मुख्य आक्षेप होता. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. हा खेळ तशा पैजेचा नाही. तरी नशिबावर पैसे टाकण्याची सवय लहानपणी लागू नये, म्हणून अम्मी-अब्बूंच्या मोबाईलला जोडलेले बँक खाते मुलाच्या हाती देऊ नये.

जिंकण्याच्या खेळात क्रमांकाची ओढ असते. त्यात एका डावात ५ लढती आणि दिवसाला साधारण असे ५ डाव मिळतात. एका लढतीला तीन मिनिटे धरली, तरी २५ लढतींना सव्वा तास जातो. मात्र इथे थांबण्याची जागा ठरलेली आहे. ‘बंद कर’ असे मध्येच ओरडण्यापेक्षा ‘एक डाव, मग अभ्यास’ असे आधी ठरवले, तर मुले ऐकतात. लढत अर्धी तोडायला लावली, की चिडतात. काही मुले खोटे ठिकाण दाखवणारे ॲप घालून घरबसल्या परदेशातले प्राणी पकडतात. ही फसवणूक आहे आणि ती पकडली गेली तर खाते बंद होऊ शकते. एवढे मात्र स्पष्ट सांगावे.

भावंडांसाठी एक नियम घरात करावा. दुसऱ्याचा प्राणी त्याच्या परवानगीशिवाय कोणी काढून टाकायचा नाही आणि विचारल्याशिवाय त्याला कच्चा म्हणायचे नाही. धाकट्याला आधी हवे तेवढे दिवस जमवू द्यावे. हिशेब लवकर लादला, की पुष्कळ मुले खेळातून आणि मोठ्या भावाच्या सोबतीतूनही दूर होतात. कधीतरी तो स्वतःच येऊन विचारेल, ‘‘भाई, मैं हारा कैसे?’’ त्या दिवशी थोरल्याने मोबाईल बाजूला ठेवावा, वहीच्या कागदावर तो १८ प्रकारांचा तक्ता आखावा आणि धाकट्याच्या सर्वांत आवडत्या प्राण्यापासून सुरुवात करावी.